बुबुळ बदलायचं ठरलंय? यादीत नाव लागल्यापासून शेवटचा टाका निघेपर्यंत

"काय वो ताई, डोळा कवा बसवायचा?" वाळव्याकडचे एक मामा ओपीडीच्या दारातूनच विचारत येतात. ऊस तोडताना पात डोळ्यात गेली, मेडिकलमधून थेंब आणून घातले, आठवड्यात बुबुळावर पांढरं आलं. जखम भरली, फूल तेवढं मागे राहिलं. डोळा बसवत नाहीत, बुबुळावरची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया तेवढा बदलतात, हे त्यांना सांगून होईपर्यंत पुढचा पेशंट तोच प्रश्न घेऊन उभा असतो.

सांगली-मिरज भागात डोळ्यांच्या पेशंटांना ऑपरेशनआधी आणि नंतर समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. जत-आटपाडीपासून पाटण-कराडपर्यंतचे लोक येतात. ऑपरेशन तास-दीड तासाचं. ते सर्जन नीट करतात. घोळ होतो तो त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत आणि नंतरच्या वर्षभरात, म्हणजे जेव्हा डोळा तुमच्या आणि घरच्यांच्या ताब्यात असतो तेव्हा. म्हणून क्रमाने लिहिते.

टप्पा १ : कुठला थर खराब झालाय, ते आधी विचारा

"बिनटाक्याचं होईल का?" हा पहिला प्रश्न असू नये. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण त्यात थर आहेत. पुढे पातळ त्वचा, मध्ये जाड गाभा आणि सगळ्यात आत पेशींचा एकच थर. हा आतला थर पंपासारखा सतत पाणी बाहेर काढतो, म्हणून काच स्वच्छ राहते. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. खराबी कुठल्या थरात आहे, त्यावर ऑपरेशन ठरतं.

पूर्ण जाडीचं प्रत्यारोपण, दवाखान्यात आम्ही 'पीके' म्हणतो. डाग आरपार असेल, अल्सर म्हणजे बुबुळावरची जखम भरून दाट फूल राहिलं असेल, तर हे. ऊसपट्ट्यातले बरेच पेशंट यातच येतात.

'डाल्क'मध्ये पुढचे थर बदलतात, पेशंटचा स्वतःचा आतला थर तसाच ठेवतात. बुबुळ शंकूसारखं पुढे आलेली तरुण मुलं, किंवा डाग आहे पण आतला थर शाबूत, अशांसाठी. मोठा फायदा म्हणजे आतला थर स्वतःचाच असल्यामुळे शरीराने तो नाकारायचा प्रश्न राहत नाही.

'डीसेक' आणि 'डीमेक'मध्ये उलटं, फक्त आतला थर बदलतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बुबुळ सुजलेले म्हातारे लोक यात जास्त. त्यांची तक्रार ठरलेली असते : सकाळी उठल्यावर धुकं, दुपारनंतर जरा बरं. रात्रभर डोळा मिटलेला असतो, पाणी साचतं, म्हणून.

चौथा प्रकार घाईचा. बुरशीचा अल्सर औषधाला दाद देत नाही, बुबुळ फुटायच्या बेतात आहे, अशा वेळी रोगट भाग काढून नवा कॉर्निया शिवतात. तिथे हेतू डोळा वाचवण्याचा असतो. नजरेचं ऑपरेशन नंतर वेगळं करावं लागू शकतं. हे आधी नीट कळलं नाही, तर पट्टी काढल्यावर "काय उपयोग झाला?" म्हणून घरात वाद होतात.

*तपासून घ्या :* "माझा कुठला थर खराब आहे आणि माझ्यासाठी हाच प्रकार का?" हे डॉक्टरांना विचारा आणि उत्तर केसपेपरच्या मागे मराठीत लिहून घ्या. शंकूसारख्या बुबुळाला आणि कडेच्या डागाला कधीकधी खास कॉन्टॅक्ट लेन्सवरही भागतं, तेही याच वेळी विचारून घ्या.

टप्पा २ : तपासण्या, ज्या क्रमाने सांगितल्या त्याच क्रमाने

काच बदलली तरी मागचा पडदा आणि मेंदूकडे जाणारी नस चांगली हवी. ती खराब असेल तर नव्या काचेतूनही अंधारच दिसणार. म्हणून पहिली तपासणी साधी टॉर्चची. उजेड दिसतो का, आणि वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून कुठून येतोय ते सांगता येतं का. इथे अंदाजाने उत्तर देऊ नका. "नाय म्हटलं तर ऑपरेशन करणार नाहीत" या भीतीने एक आजी चारही वेळा "दिसतंय की" म्हणाल्या. एकदा टॉर्च बंदच होती.

फूल दाट असेल तर मागचं डोळ्याने बघता येत नाही, म्हणून डोळ्याची सोनोग्राफी. मग डोळ्याचं प्रेशर. काचबिंदू असेल तर तो आधी आटोक्यात आणायचा, कारण नंतरच्या स्टेरॉइड थेंबांनी प्रेशर आणखी वाढू शकतं.

ज्या दोन गोष्टी लोक हमखास टाळतात, त्या इथे. एक, पापण्या. पापणी आत वळलेली असेल, केस बुबुळावर घासत असतील, तर नव्या कॉर्नियावरही तेच केस घासणार. दोन, अश्रूंची पिशवी. नाकाजवळचा कोपरा दाबला की पाणी किंवा पू वर येत असेल, तर ती जंतूंची टाकीच समजा. डॉक्टर आधी पिशवीचं ऑपरेशन सांगतात. पेशंटला वाटतं, डोळ्याला दिसत नाही आणि हे नाकाकडचं कशाला चिरतायत. मग तो दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जातो, तिथे ही गोष्ट सांगत नाही, आणि महिनाभराने पू झालेला डोळा घेऊन परत येतो.

आता अंगाच्या तपासण्या : साखर, रक्तदाब, ईसीजी. आणि खोकला. हसू नका. पूर्ण जाडीच्या ऑपरेशनमध्ये जुना कॉर्निया काढला आणि नवा अजून शिवायचा आहे, अशी काही मिनिटं डोळा अक्षरशः उघडा असतो. त्या वेळी जोराची ढास लागली तर आतलं सगळं बाहेर यायचा धोका असतो. तंबाखू-मशेरीचा जुना खोकला, दमा, बद्धकोष्ठ, लघवीला जोर करावा लागणं, सगळं आधी सांगा. आधी औषध घ्या, मग तारीख.

*सावधान :* रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. डबीच घेऊन या. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवतात.

टप्पा ३ : यादी आणि फोन

कॉर्निया मृत्यूनंतर डोळे दिलेल्या दात्याकडून येतो, म्हणून दवाखान्याच्या यादीत नाव लावून थांबावं लागतं. तो विकत मिळत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मानवी अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. कुणी "लवकर मिळवून देतो" म्हणाला तर तिथून उठा. तपासणी आणि साठवणुकीचा खर्च दवाखाना घेऊ शकतो, तो आधी विचारा. सरकारी योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच पक्कं करा. ऑपरेशनच्या दिवशी खिडकीवर उभं राहून नव्हे.

दात्याचा रक्तगट जुळावा लागत नाही. स्त्री-पुरुष, जात, रंग, काही बघत नाहीत. दात्याला चष्मा असला, मोतीबिंदू झाला असला तरी कॉर्निया चालू शकतो. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग यांची तपासणी होते आणि आतल्या थराच्या पेशी मोजतात. एक गंमत सांगते. "तरुण माणसाचा बघा हं" असा आग्रह खूप होतो. डीमेकमध्ये तरुण दात्याची झिल्ली, म्हणजे आतल्या थराचा पापुद्रा, घट्ट गुंडाळली जाते, उलगडता उलगडत नाही, म्हणून सर्जन मुद्दाम पन्नाशीच्या पुढचा दाता पसंत करतात.

मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात. त्यानंतर साठवणुकीच्या द्रावणानुसार ४ दिवस ते २ आठवडे एवढीच मुदत. म्हणून "कॉर्निया आलाय, या" असा दवाखान्याचा फोन अचानक येतो. रात्रीही येतो.

इथली सगळ्यात मोठी चूक फारच साधी असते. केसपेपरवर नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात कंपनीत पहिल्या शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. वडील पाटणच्या वरच्या वाडीत, तिथे रेंज नाही. आम्ही चार वेळा लावतो, मग यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावतो. थांबता येत नाही.

फोन येण्याआधी हे तयार ठेवा :

१. किमान ३ नंबर द्या, त्यातला एक शेजारच्याचा किंवा गावातल्या दुकानाचा.
२. एका पिशवीत केसपेपर, रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार, चालू गोळ्या.
३. रात्री गाडी कोण काढणार, ते ठरलेलं हवं. जतहून पहाटेची पहिली एसटी धरून चालणार नाही.
४. घरी कोण थांबणार, म्हशीची धार कोण काढणार. हे न ठरल्यामुळे फिरलेले पेशंट मी पाहिलेत.

फोन आला की आधी सांगायचं : ताप, सर्दी, डोळ्याला चिकटा आहे का. आणि विचारायचं : काही खाऊन येऊ की उपाशी.

टप्पा ४ : टेबलावर काय होतं

हे माहीत असलं की भीती निम्मी होते आणि पुढची पथ्यं का आहेत तेही कळतं.

मोठ्यांना बहुधा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन भूल देतात, लहान मुलांना पूर्ण भूल. पीकेमध्ये डोळ्याचं प्रेशर उतरवायला आधी सलाइनमधून औषध देतात. त्याने लघवी खूप होते, म्हणून टेबलावर जाण्याआधी जाऊन या.

क्रम असा. आधी दात्याचा कॉर्निया गोल पंचाने कापतात, साधारण ८ मिलिमीटरचा, पेशंटच्या खाचेपेक्षा पाव मिलिमीटरभर मोठा. तो हातात तयार असल्याशिवाय पेशंटच्या डोळ्याला हात लावत नाहीत. मग पेशंटचा खराब गोल भाग काढतात, आत जेली भरतात आणि नवा गोल वर ठेवतात. पहिले चार टाके घड्याळातल्या १२, ६, ३ आणि ९ च्या जागी. दुसरा टाका, म्हणजे ६ चा, सगळ्यात जोखमीचा. तो तिरका बसला तर पुढचं सगळं तिरकं आणि नंतर चष्म्याचा तिरका नंबर मोठा. मग मध्ये मध्ये भरत साधारण १६ टाके. धागा नायलॉनचा, केसापेक्षा बारीक. गाठी आत सरकवून लपवतात, नाहीतर पापणीखाली खड्यासारख्या टोचतात.

डाल्कमध्ये गाभ्यात खोलवर बारीक नळीने हवा सोडतात. सगळं जमलं तर मोठा बुडबुडा तयार होऊन आतली झिल्ली अलगद सुटते आणि वरचा गाभा काढता येतो. झिल्ली फाटली तर तिथल्या तिथे पीके करावं लागू शकतं. संमतीपत्रात हे लिहिलेलं असतं, वाचूनच सही करा. बाहेर आल्यावर "सांगितलं एक, केलं दुसरं" असं होत नाही मग.

डीसेक-डीमेकमध्ये छोट्या छेदातून दात्याच्या आतल्या थराचा पातळ पापुद्रा आत सरकवतात. डीमेकचा पापुद्रा इतका पातळ की निळा रंग लावल्याशिवाय दिसत नाही. आत गुंडाळी झालेला असतो, तो न पकडता, बाहेरून टकटक करत उलगडतात. बाजू उलटी झाली तर काम करत नाही. नीट पसरला की खालून हवेचा किंवा गॅसचा बुडबुडा सोडून वरच्या बाजूला दाबून धरतात. तिथे त्याला टाका नाही. त्याला धरून ठेवणारा फक्त तो बुडबुडा आणि तुमचं उताणं झोपणं.

टप्पा ५ : पहिले काही दिवस

बुडबुडा वर जातो, म्हणून तोंड छताकडे. डीसेकला निदान पहिला दिवस, डीमेकला डॉक्टर सांगतील तितके दिवस. जेवायला आणि बाथरूमला उठायचं, पुन्हा उताणं. उशी पातळ. "जरा कुशीवर वळलो" एवढ्याने पापुद्रा सुटलेला पाहिलाय. तसं झालं तर पुन्हा हवा भरता येते, पण लवकर कळवलं पाहिजे.

*सावधान :* पहिल्या रात्री डोळा आणि डोकं प्रचंड ठणकलं, उलटी झाली, तर साधी डोकेदुखी समजून गोळी देऊ नका. बुडबुड्यामुळे आतला रस्ता अडून प्रेशर चढलेलं असू शकतं. लगेच फोन.

*साताऱ्याकडच्या पेशंटांसाठी :* डोळ्यात गॅस भरला असेल तर तो विरेपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाट चढायचा नाही. उंचावर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो. घर महाबळेश्वर-पाचगणीला असेल तर तेवढे दिवस खाली वाई-साताऱ्यात नातेवाइकांकडे राहायची सोय आधीच बघा. विमान तर नाहीच.

पीके-डाल्कवाल्यांना उताणं झोपायची अशी सक्ती नसते. पण झोपताना प्लास्टिकची ढाल सगळ्यांना. डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढे बसणं नाही, वाकून पोतं उचलणं नाही. डोळा चोळायचा तर विचारही नको. कचरा गेला असं वाटलं तर पदराचं टोक फिरवून काढायची सवय इथे घात करते.

टप्पा ६ : थेंब

माझ्या मते निम्मं ऑपरेशन हेच.

पांढरट दुधासारखा थेंब असतो तो स्टेरॉइडचा. बाटली ठेवून दिली की औषध तळाला बसतं. न हलवता घातला तर वरचं पाणीच जातं. एका मावशींनी महिनाभर वेळ न चुकवता थेंब घातले. मी बाटली उजेडात धरली तर तळाशी पांढरा थर जसाच्या तसा.

१. साबणाने हात धुवा. थेंब घालणाऱ्याने, पेशंटने नव्हे. बहुतेक वेळा घालणारी सून असते आणि हात पिठाचे असतात.
२. बाटली चांगली हलवा.
३. खालची पापणी खाली ओढून खोबणीत एकच थेंब. दोन घातले तर एक गालावर जातो.
४. बाटलीचं टोक पापणीला, केसाला, बोटाला लावू नका.
५. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका धरा. बोट बुबुळावर नको.
६. दुसरं औषध ५ ते १० मिनिटांनी. मलम शेवटी.

स्टेरॉइड सुरुवातीला दर एक-दोन तासांनी, मग महिनोन् महिने हळूहळू कमी करतात. डोळ्याची लाली गेली, दुखत नाही, म्हणून बंद केला की कॉर्निया नाकारला जाण्याची भीती. उलट बाजूने, तपासणीला न येता जुन्या चिठ्ठीवर वर्षभर तोच थेंब चालू ठेवला की प्रेशर वाढून नस खराब. ती नस परत येत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत प्रेशर मोजलं का, ते स्वतः विचारा.

*तपासून घ्या :* बाटली उघडल्याची तारीख पेनने लिहिली का? महिना झाला की नवी आणा. ती संपायच्या ४ दिवस आधी मागवा, रविवारी तालुक्यातलं मेडिकल बंद असतं.

टप्पा ७ : चार खुणा, एक दिवस

शरीर नवा कॉर्निया नाकारायला लागलं तर चार गोष्टी दिसतात : डोळा लाल, उजेड सोसत नाही, नजर कालच्यापेक्षा कमी, दुखणं. चारही एकदम हव्यात असं नाही. एक जरी दिसली तरी त्याच दिवशी निघा. लवकर पोचलात तर बहुतेकदा औषधाने आवरता येतं. "बाजाराच्या दिवशी जाऊ" म्हटलं की उशीर झालाच. हे पहिल्या वर्षात जास्त, पण पाच वर्षांनीही होऊ शकतं.

रोजची चाचणी : सकाळी तोंड धुतल्यावर चांगला डोळा हाताने झाका आणि भिंतीवरचं तेच कॅलेंडर बघा. काल तारीख दिसत होती आणि आज नाही, तर फोन करा. कॅलेंडर उतरवून दुसऱ्या भिंतीला लावू नका, अंतर बदलतं.

खड्यासारखं टोचतंय, चिकटा येतोय, तर टाका सैल झालेला असू शकतो. सैल टाक्यातून जंतू शिरतात. तोही त्याच दिवशी काढावा लागतो. लहान मुलांचे टाके फार लवकर सैल होतात आणि मूल सांगत नाही, फक्त डोळा बारीक करून फिरतं.

टप्पा ८ : टाके, चष्मा, शेत

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून जखम भरायला फार वेळ लागतो. पीकेचे टाके साधारण वर्षाच्या पुढे, एकदम नाही, थोडे थोडे काढतात. प्रत्येक टाका निघाला की नंबर बदलतो. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात हौसेने महागाचा चष्मा करू नका, फुकट जातो. मध्ये हवाच तर साधी काच. डीसेक-डीमेकवाल्यांना नजर आठवड्यांत-महिन्यांत येते, त्यांच्याशी तुलना करून झुरू नका. ऑपरेशन वेगळं आहे.

शेतात कधी जायचं ते डॉक्टर सांगतील, पण जाताना डोळ्यावर बंद कडांचा प्लास्टिक काचेचा गॉगल हवा. ऊसतोड, लाकूड फोडणं, द्राक्षाची तार ओढणं, मुलांचं क्रिकेट, सगळीकडे. कारण पीकेची शिवण कधीच मूळ कॉर्नियाइतकी मजबूत होत नाही. तासगावकडचे एक काका, ऑपरेशनला सहा वर्षं झालेली, नजर उत्तम. बेंदराला बैलाच्या शिंगाला रंग लावत होते, बैलाने मान हलवली, शिवण त्याच जागी उसवली.

त्यांच्या मुलाने एक गोष्ट बरोबर केली. तीच तुम्ही करायची, मार लागला तर : डोळा धुवायचा नाही, दाबायचा नाही, थेंब-हळद काही घालायचं नाही. चहाच्या कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्यावर उपडा ठेवून कडेने चिकटपट्टी लावायची, म्हणजे काही टेकणार नाही. पेशंटला काही खायला-प्यायला द्यायचं नाही, भूल द्यावी लागेल. जुना केसपेपर घ्यायचा आणि निघायचं.